‘तू नेपाळची का?’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वंशद्वेष म्हटलं की आपल्याला दक्षिण आफ्रिका आठवते, अमेरिका आठवते. तिकडच्या गोऱ्यांचा निषेध करणं सोपं असतं. मी आज माझ्या गल्लीतली गोष्ट सांगणार आहे.

कोपऱ्यावर एक ब्यूटी पार्लर आहे. (हो, मी भुवया करून घेते. त्यावरून आपण पूर्वी पुष्कळ भांडलोय, आज नको.) तिथली मुलगी कित्येक वर्षं माझ्या कपाळावर दोरा फिरवते आहे. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, ‘तू नेपाळची का?’ ती म्हणाली, ‘मणिपूरची.’ मी म्हटलं, ‘हिंदी किती छान बोलतेस!’ आणि मला वाटलं, मी कौतुक केलं.

आता गंमत पाहा. जुलै २००४ मध्ये मनोरमाच्या हत्येनंतर इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर, आसाम रायफल्सच्या दारात, मणिपुरी आयांनी विवस्त्र होऊन निदर्शनं केली. तेव्हा आम्ही इथे चौकात फलक घेऊन उभ्या होतो. इरोम शर्मिलाच्या उपोषणाला पाठिंब्याची पत्रकं मीच लिहिली. म्हणजे मणिपूरची बाई फलकावर असली की माझी बहीण, आणि दोरा घेऊन समोर उभी राहिली की परदेशी!

एका दुपारी पार्लरमध्ये गर्दी नव्हती, तेव्हा ती बोलली. खोली बघायला गेलं की मालकीणबाई आधी विचारतात, काय खाता? मग, रात्री किती वाजता येता? आंबवलेल्या मासळीचा वास येतो म्हणून एक खोली सोडावी लागली. (आमच्या कोकणात सुके बोंबील भाजताना गल्लीला कळतं, पण आम्हाला कोणी घर सोडायला सांगत नाही.) रस्त्यात ‘चिंकी’ म्हणतात. पुरुष सरळ भाव विचारतात. आपल्याला छेडतात ते बाई म्हणून. तिला छेडतात ते बाई म्हणून, आणि वर ‘त्या मुली तसल्याच’ म्हणून. मार्च २०२० मध्ये शेजारची शाळकरी पोरं तिला ‘कोरोना’ म्हणून हाका मारायची. ती पोरं हे कुणाच्या घरी शिकली? आपल्याच.

जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याची केसांवरून टिंगल झाली. तो चिडला, त्याला मारहाण झाली, त्यात तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपमानासाठी वेगळं कलम सुचवलं. २०२४ मध्ये नवी न्याय संहिता लागू झाली, तीतही ते आलं नाही. त्यासाठी जरूर भांडू या. पण मालकीणबाईंच्या ‘काय खाता’ला कुठलं कलम लावणार?

तिने आमच्याच सोसायटीतल्या एका फ्लॅटची चौकशी केली होती. लगेच सभेपुढे ठराव आला, ‘बाहेरच्या’ मुलींना जागा भाड्याने देऊ नये. बाहेरच्या म्हणजे कोण, ते लिहिलेलं नाही. सगळ्यांना कळतं. त्या सभेत मी गप्प बसले. ठराव मांडणाऱ्या बाई दरवर्षी आपल्या संघटनेला देणगी देतात. हे तुमच्यासमोर सांगताना मला लाज वाटते आहे.

ठराव पुढच्या सभेवर गेलाय. ती येत्या रविवारी आहे आणि मी बोलणार आहे. मी तिलाही ‘ये’ म्हटलं, तर ती हसून म्हणाली, ‘दीदी, रविवारी पार्लरमध्ये सगळ्यात जास्त गर्दी असते.’

आमच्या सोसायटीतल्या तिघीजणी इथे बसल्या आहेत. सकाळी दहाला, खाली पार्किंगमध्ये.