दिवाळीचें देणें

दिवाळी जवळ आली म्हणजे घरांतील मंडळींच्या बोलण्यांत दोन प्रश्न हटकून येतात. कोणाला काय द्यावयाचें, हा पहिला. आणि कोणाकडे जावयाचें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा निकाल लवकर लागतो. याद्या होतात, बाजाराच्या फेऱ्या होतात. वस्त्र, खेळणें, पुस्तक, मिठाईचा पुडा अशा वस्तु घरीं येऊन पडतात. दुसरा प्रश्न मात्र रेंगाळत राहतो. रजा थोडी, गाड्यांना गर्दी फार, घरीं पाहुणे येणार, मुलांना दगदग सोसणार नाहीं, अशा सबबी एकामागून एक पुढें येतात. आणि शेवटीं असें ठरतें कीं, यंदां वस्तु पाठवून द्यावी, जाण्याचें पुढच्या वर्षीं पाहावें. या ठरण्यांत वावगें असें कांहीं दिसत नाहीं. परंतु दिवाळीच्या चालीरीतींकडे थोडें निरखून पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, त्या घालून देणाऱ्यांनीं हे दोन प्रश्न वेगळे मानलेच नव्हते. ज्याला द्यावयाचें त्याच्या दारीं स्वतः जावयाचें, अशीच त्यांची समजूत होती.

भाऊबिजेचेंच पाहावें. कार्तिक शुद्ध द्वितीयेला यमद्वितीया असेंही म्हणतात, आणि त्या नांवामागील कथा घरोघर ठाऊक आहे. यम आणि यमुना हीं सूर्याचीं मुलें. यमुना भावाला वारंवार जेवावयास बोलावी. पण यमाच्या मागें कामाचा व्याप एवढा मोठा, कीं त्याला सवडच होईना. अखेर एके दिवशीं तो तिच्या घरीं गेला. तिनें त्याला जेवूं घातलें, ओवाळलें. प्रसन्न होऊन त्यानें वर मागावयास सांगितलें, तेव्हां तिनें धन मागितलें नाहीं, दागिना मागितला नाहीं. दर वर्षीं या दिवशीं त्यानें आपल्या घरीं यावें, आणि जो भाऊ या दिवशीं बहिणीकडे जेवील त्याला यमाचें भय नसावें, एवढेंच तिनें मागितलें. साऱ्या जगांत ज्याची वाट कोणी पाहात नाहीं, ज्याचें नांव काढण्यासही लोक कचरतात, त्याची वाट पाहणारें एक घर होतें, ही या कथेंतील मोठी गोड कल्पना आहे. यमानें तबकांत काय घातलें याचा उल्लेख करण्याची जरूर कथा सांगणारांना भासली नाहीं. तो आला, हीच त्याची ओवाळणी.

या दिवशीं भावानें बहिणीकडे जावयाचें असतें, या रीतींतही मोठें शहाणपण आहे. ज्या काळांत मुलगी लहान वयांत सासरीं जाई, तिला लिहितां-वाचतां येत नसे, आणि येत असलें तरी तिचें पत्र चार डोळ्यांखालून गेल्यावांचून माहेरीं पोंचत नसे, त्या काळांत तिची खरी हकीकत माहेरास कळावी कशी? वर्षांतून एकदां भाऊ येऊन पाटावर बसे. ती कांहीं बोलो वा न बोलो, तिचा चेहरा, तिचे हात, तिच्या अंगावरचें लुगडें त्याला दिसे. ओसरीवर झालेलें स्वागत आणि माजघरांतून आलेला आवाज यांवरून तो जें समजावयाचें तें समजे. सासरच्या मंडळींनाही कळे कीं, या मुलीच्या पाठीशीं कोणी उभें आहे. तबकांत पडणारा रुपया हें या भेटीचें केवळ निमित्त होतें. भावाचें येणें हाच बहिणीचा आधार होता.

आणि हें येणें स्वस्त नव्हतें. मुंबई आणि पुणें यांमधील प्रवासाचीच गोष्ट घ्यावी. १८५३ च्या एप्रिलमध्यें बोरीबंदर ते ठाणें अशी पहिली आगगाडी धांवली. पुढें १८५८ पर्यंत घाटाखालीं खोपोलीपर्यंत आणि घाटावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ आले. पण मधला बोरघाट तसाच उभा होता. उतारूंना खालीं उतरून तो घाट पालखींतून, तट्टावर किंवा पायीं चढावा लागे आणि वर पुन्हां दुसरी गाडी धरावी लागे. १८६३ मध्यें घाटांतील लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां कोठें ही अडचण दूर झाली. कोंकणांतील माणसाला तर सारी भिस्त समुद्रावरच ठेवावी लागे. रोह्याच्या पुढें दक्षिणेस जाणारी कोंकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत सलग सुरू होण्यास १९९८ साल उजाडावें लागलें. एवढ्या आडवळणांनीं, उशाशीं गांठोडें घेऊन, उन्हातान्हांतून जो भाऊ बहिणीच्या दारीं पोंचे, त्याच्या हातांतील चोळीच्या खणाची किंमत दुकानदाराच्या वहींत लिहिलेल्या किंमतीहून फार निराळी होई. त्या खणांत घाट होता, धूळ होती, रात्रीचें जागरण होतें.

१८८० सालीं टपालखात्यानें मनीऑर्डरीचें काम हातीं घेतलें आणि देण्याची एक नवी वाट खुली झाली. तिनें केलेले उपकार विसरण्यासारखे नाहींत. गिरणगांवांतील कामगाराचा पैसा डोंगरापलीकडच्या त्याच्या खेड्यांत पोष्टमनच्या हातून बिनचूक पोंचूं लागला, आणि कित्येक चुली त्यावर पेटल्या. पण त्याच वाटेनें ओवाळणीही जाऊं लागली. मनीऑर्डरीच्या फॉर्मला एक लहानसें कुपन असे, आणि त्यावर दोन-चार ओळी लिहिण्यास जागा असे. वर्षाची सारी माया त्या चार ओळींत बसवावयाची! तरी त्या काळच्या बहिणी तीं कुपनें जपून ठेवीत, कारण त्यांवर भावाचें अक्षर असे. आतां तर मोबाइलवर बोट टेकवलें कीं क्षणांत रक्कम पोंचते. रक्कम पूर्वींपेक्षां मोठी असते, चूक होण्याची भीतीही नाहीं. मात्र त्यांत अक्षरही उरलें नाहीं. सोयीला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. दूरदेशीं असलेल्या भावानें दुसरें काय करावें? प्रश्न त्याचा आहे, ज्याला दोन तासांत जातां येतें आणि जो जात नाहीं.

देण्याप्रमाणेंच घेण्याचीही एक रीत आहे, आणि ती दिवाळीच्या फराळांत दिसते. शेजारच्या घरून करंज्या, चकल्या, कडबोळीं यांचें झांकलेलें ताट येतें. तें ताट रिकामें परत करावयाचें नाहीं, हा आपल्याकडील जुना दंडक. घरचें कांहीं तयार नसेल तर निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालावयाची. वरवर पाहतां हा हिशेब वाटेल, पण तो हिशेब नव्हे. हिशेबांत देणें फिटतें आणि संबंध संपतो. येथें ताट भरून परत जातें तें संबंध संपूं नये म्हणून. शिवाय त्यामुळें गरीब शेजाऱ्याचाही मान राहतो. त्याची चिमूटभर साखर आणि श्रीमंताचे अनारसे एकाच ताटांतून जातात-येतात, आणि कोणी कोणाचा उपकारबद्ध होत नाहीं. ज्याला नुसतें द्यावयास आवडतें आणि दुसऱ्याचें घ्यावयास संकोच वाटतो, त्याच्या औदार्यांत थोडा अहंकार असतो. मित्राच्या घरचा साधा चहा आनंदानें घेणें, हेंही त्याला कांहीं देणेंच आहे.

जुन्या स्नेहाचें आणि अशा देण्याचें नातें किती खोल जातें, याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासांत आहे. महर्षि धोंडो केशव कर्वे हे मूळचे कोंकणांतील मुरूडचे. १८७५ सालीं, सतरा वर्षांचे असतांना, एका परीक्षेसाठीं ते कांहीं सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास पायीं गेले. सह्याद्रि ओलांडून सुमारें ११० मैलांची ती वाट. तेथें पोंचल्यावर, वय लहान दिसतें एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. तितकेंच मैल मागें चालत येण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला चालण्याची भीति पुढें वाटत नाहीं. मुंबईंत शिकवण्या करून ते संसार चालवीत, तेव्हां मिळकतींतील रुपयामागें एक पैसा धर्मकार्यासाठीं बाजूस काढण्याचा त्यांनीं नेम केला होता. आणि आपल्या गांवाच्या उपयोगासाठीं त्यांनीं मुरूड फंड काढला.

मुंबईंत त्यांचें आणि त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांचें बिऱ्हाड एकत्र होतें. नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. भावानें तिला मुंबईस आणलें, आणि १८८९ मध्यें पंडिता रमाबाईंनीं काढलेल्या शारदासदनांत ती शिकूं लागली. १८९१ मध्यें कर्व्यांच्या पहिल्या पत्नी निवर्तल्या. आणि १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला. स्नेह्याच्या घरींच त्यांना आपल्या आयुष्याची सोबतीण मिळाली. परंतु या विवाहानें मुरूड खवळलें. ग्रामस्थांनीं बहिष्काराचा ठराव केला, आणि ज्या गांवासाठीं पैसा-पैसा सांठविला त्याच गांवीं स्वतःच्या घरांत, स्वतःच्या मातेजवळ राहणें त्यांना अशक्य झालें. सणाला घरीं जाणें म्हणजे काय, हें ज्याच्यापुढें दार बंद झालें त्याला विचारावें.

कर्व्यांनीं या दुःखाचा कडवटपणा होऊं दिला नाहीं. ज्यांना घरच नव्हतें अशांसाठीं त्यांनीं घर बांधावयास घेतलें. १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम निघाला; १९०० मध्यें पुण्याबाहेर हिंगण्यास त्याच्यासाठीं झोंपडी उभी राहिली. आरंभींच्या काळांत फर्ग्युसन कॉलेजांतील शिकवणें आटोपलें कीं कर्वे रोज सायंकाळीं कित्येक मैल चालत, पावसाळ्यांत चिखल तुडवीत, हिंगण्यास जात आणि सकाळीं परत कामावर येत. पैसा कोणाच्या हातीं पाठवून काम भागलें असतें, असें कोणी म्हणेल. भागलें नसतें. ज्या मुलींकडे वर्षांत एकदांही कोणी फिरकत नव्हतें, त्यांच्याकडे एक मनुष्य रोज सायंकाळीं येत होता. ती रोजची भाऊबीजच होती.

गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या या आश्रमांत शिकल्या, आणि पुढें आश्रमासाठीं वर्गणी गोळा करीत गांवोगांव हिंडल्या. १९१८ सालीं त्या अमेरिकेसही गेल्या. पुढें संस्थेचा भाऊबीज फंड सुरू झाला. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्त्या व कार्यकर्ते घरोघर जातात आणि संस्थेंतील मुलींच्या नांवानें भाऊबिजेची लहानशी रक्कम मागतात. मोठ्या देणगीपेक्षां अनेकांची लहान ओवाळणी या कल्पनेंत अधिक गोडवा आहे. ज्या मुलीला भाऊ नाहीं, तिला या एका शब्दानें हजारों भाऊ मिळतात. आणि देणारालाही दाता म्हणून मिरवतां येत नाहीं, कारण भाऊबीज घालणारा भाऊ बहिणीवर उपकार करीत नसतो.

तथापि या फंडांत रक्कम टाकून घरचें कर्तव्य संपत नाहीं. प्रत्येक शहरांत, प्रत्येक आळींत अशीं कांहीं माणसें असतात कीं ज्यांच्याकडे दिवाळींत कोणी जात नाहीं. मुलें परदेशीं गेल्यामुळें एकाकी पडलेले वृद्ध शिक्षक असतात. पतीच्या पश्चात् ज्यांच्याकडील वर्दळ थांबली अशा बाई असतात. आणि एक जुना वर्गबंधु असतो. त्याच्या बांकावर बसून शाळेचीं वर्षें गेलेलीं असतात, त्याच्या डब्यांतील पोळी खाल्लेली असते. पुढें कोणी वर चढला, कोणी मागें राहिला, आणि भेट पुढच्या दिवाळीवर गेली. पुढची दिवाळी हा मोठा फसवा शब्द आहे. दिवाळी दर वर्षीं येते. वाट पाहणारें माणूस दर वर्षीं असतेंच असें नाहीं. रस्त्यांत कोणीतरी सहज सांगतो कीं तो गेला, आणि मग त्याच्या घरीं जाण्यास सवड निघते.

अशा घरीं जातांना फार मोठी वस्तु न्यावी लागत नाहीं. मोठी वस्तु कित्येकदां मध्येंच उभी राहते. घेणारा तिच्याकडे पाहूं लागतो आणि देणाऱ्याकडे पाहावयाचें विसरतो. घरच्या फराळाचा एक डबा पुरे. मुलांना बरोबर न्यावें, म्हणजे आपल्या वडिलांनाही कोणी एकेरी नांवानें हांक मारणारें आहे, हें त्यांना दिसेल. घड्याळाकडे पाहूं नये. तिकडून जें पुढें येईल तें निमूटपणें खावें, आणि डबा परत देतांना त्यांत ते कांहीं घालूं लागले तर नको म्हणूं नये.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं घरोघर निरांजनें लागतात, पाट मांडला जातो, आणि कोठेंतरी एखादें माणूस पुनःपुन्हां खिडकीशीं जाऊन रस्त्याकडे पाहतें. तबकांत काय पडणार, हा विचार त्या वेळीं त्याच्या मनांत नसतो. जिन्यावर ओळखीचें पाऊल वाजतें कीं नाहीं, एवढेंच तें ऐकत असतें.