परिसेविकेचे दायित्व

(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



परिसेविकापदी बढती मिळालेल्या आपल्या समाजातील कन्येचा आताच सत्कार झाला. तिच्या कार्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर; वैद्यकातले आम्हांस काय कळणार? परंतु गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाच्या आजारपणात बारा दिवस एका रुग्णालयात बाकावर बसून काढण्याचा योग आला, आणि मुख्याध्यापकीत जे उमगले नाही ते तेथे थोडेबहुत उमगले.

लोक समजतात की, परिसेविका म्हणजे हुकूम सोडणारी मोठी सिस्टर. वस्तुस्थिती अशी की, तिची निम्मी बुद्धी ड्यूटीच्या तक्त्यात खर्ची पडते. हिशेब पाचवीच्या मुलासही जमेल. दिवसाच्या ३ पाळ्या, म्हणजे आठवड्याच्या २१. साप्ताहिक सुटी वजा जाता एक परिचारिका ६ पाळ्या करते. अर्थात एक जागा अहोरात्र भरलेली ठेवावयाची तर साडेतीन माणसे हवीत. आणि यात आजारपण वा लग्नकार्य धरलेलेच नाही. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. उचितच झाले, पण तेवढ्या काळातील रात्रपाळ्या कोणाच्या नावावर मांडावयाच्या, ते परिसेविकेनेच ठरवावयाचे. गणपतीची सुटी एकीस दिली की दुसरीचा चेहरा उतरतो. आणि काल जिच्यासमवेत डबा खाल्ला, तिलाच आज रात्रपाळी लावावयाची!

आमच्या मुक्कामात एका तरुण परिचारिकेकडून शेजारच्या रुग्णाची रात्रीची औषधाची मात्रा द्यावयाची राहून गेली. सकाळी तिने ते आपण होऊन सांगितले. नातेवाइकांनी आवाज चढविला. परिसेविकेने प्रथम डॉक्टरांस कळविले, रुग्णाची नाडी व रक्तदाब पाहिला, झालेली चूक नातेवाइकांस स्पष्ट शब्दांत सांगितली, आणि मगच त्या मुलीस आपल्या खोलीत नेले. आत काय बोलणे झाले ते आम्हांस ठाऊक नाही. मुलगी रात्री एकटीच साऱ्या वॉर्डावर होती, हेही नोंदवहीत लिहिले गेले, एवढे मागाहून कळले. दुसऱ्या रात्री तीच मुलगी पुन्हा कामावर आली. प्रत्येक औषधापूर्वी कागद दोनदा वाचीत होती.

ते पाहून आमची मान खाली गेली. एका सहशिक्षकाने गुणपत्रकात चूक केली असता आम्ही त्यांस मुलांदेखत बोललो होतो. त्यानंतर त्यांनी आपली एकही चूक आमच्यापाशी आणिली नाही. चुका होत नसत असे मात्र नव्हे. गुणपत्रकात ते खपून गेले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे दिवा येतो. १८५४ च्या नोव्हेंबरात त्या ३८ परिचारिका घेऊन स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. कोणी जोगिणी, कोणी पगारी. पंथ निरनिराळे, आणि तेथील डॉक्टरांना त्या नकोशा! डॉक्टरांनी बोलाविल्याखेरीज कोणी रुग्णास हात लावावयाचा नाही, असा दंडक बाईंनी घातला व तो पाळून घेतला. बेशिस्त वागणाऱ्या काहींस परत धाडले. डिसेंबरात त्यांना न विचारता आणखी एक तुकडी येऊन थडकली, तेव्हा त्या संतापल्या. आमच्या मते दिव्याहून हे काम अवघड होते. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या आपल्या पुस्तकात त्यांनी व्यवस्थापनावर एक प्रकरणच घातले. आपण हजर असताना जे होते ते आपल्या पाठीमागेही होईल अशी तजवीज आधी करून ठेवावी, असा त्याचा आशय आहे.

बढती म्हणून आपण पेढे वाटले. परंतु रात्री दोन वाजता फोन वाजेल तेव्हा घरातील मंडळींनी कपाळास आठी घालू नये, एवढी सासरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. आज ती सत्कारास अर्धा तास उशिरा आली, म्हणून पुढील रांगेत झालेली कुरबुर आमच्या कानी आली. दुपारच्या पाळीची एक मुलगी आली नव्हती. बदली मिळेपर्यंत ही वॉर्डातच थांबली. श्रीफळ तिने गणवेशावरच स्वीकारले, आणि लागलीच निघूनही गेली. उद्याच्या रात्रपाळीचे एक नाव अजून लागावयाचे आहे, असे म्हणत होती.