हातावरचा मद्यार्क
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



हिशेबपत्रकातील 'जंतुनाशके' या खर्चावर सभेत सहसा प्रश्न येत नाही. यंदा मात्र त्याविषयी दोन शब्द बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

हात निर्जंतुक करण्याच्या द्रवाचा आधार म्हणजे मद्यार्क, अर्थात इथेनॉल. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रात त्याचे प्रमाण ८० टक्के आहे. या पदार्थाची गणना प्रजननास अपायकारक द्रव्यांत करावी काय, हा वाद हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेपुढे आला आणि २०२५ साली तो विशेष गाजला. तेथील कायद्याने अशा वर्गाच्या वरच्या श्रेणीतील जंतुनाशकास अपवादानेच मान्यता मिळते; म्हणून रुग्णालये अस्वस्थ झाली.

आम्ही वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्रावर अधिकार सांगत नाही. परंतु एकच रक्कम नावे लिहिली की जमा, यावर सारा अर्थ अवलंबून असतो, एवढे आम्हांस ठाऊक आहे. मद्यपेये कर्करोगकारक असल्याचे ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले. गरोदरपणी मद्य घेतल्याने गर्भास होणारी हानीही निर्विवाद आहे. पण हा पुरावा पिण्याचा आहे. हातावर चोळलेला द्रव काही क्षणांत उडून जातो आणि त्वचेतून रक्तात उतरणारा अंश अत्यल्प असतो. बाटलीवरील धोक्याच्या चिन्हाने एखादी परिचारिका बिचकली आणि दोन खाटांमध्ये हात चोळावयाची राहिली, तर त्याची किंमत पुढच्या खाटेवरील रुग्ण मोजील.

हा पेच आपल्याला अगदीच नवा नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातील मद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की, मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधनेही तीत आली. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील बंधने अवाजवी ठरवली. पिण्याच्या दारूवरील बंदी मात्र राहिली. वापर पाहून नियम करावा, हा विवेक आम्हांस आजही योग्य वाटतो.

तथापि मद्यार्क निरुपद्रवी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. २०२० साली आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथे आणि २०२१ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने माणसे दगावली. दारूची दुकाने बंद होती. व्यसन सुटले नव्हते. स्वस्त मालात मिथेनॉलची भेसळ असेल, तर अंधत्व किंवा मृत्यूही ओढवतो. शिवाय हा द्रव ज्वालाग्राही आहे.

यास्तव व्यसनमुक्ती कक्षात व बालरुग्ण विभागात बाटल्या खाटेशी न ठेवता कर्मचाऱ्यांच्या खिशात राहतील. प्रत्येक खेपेसोबत मिथेनॉल तपासणीचा दाखला मागितला जाईल. दर थोडा अधिक पडला तरी चालेल. मोठा साठा वॉर्डापासून दूर, हवेशीर व कुलूपबंद खोलीत हलवावयाचा आहे. त्या खोलीच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात दाखविली असून, सभेने तीस मंजुरी द्यावी, अशी विनंती आहे.