मुखशुष्कता : एक दुर्लक्षित व्याधी आणि तिचे अर्थकारण



सार्वजनिक आरोग्याचा विचार करताना मृत्युदर, साथीचे रोग आणि रुग्णालयांतील खाटा यांच्या आकडेवारीकडे प्रथम लक्ष जाते. ज्या व्याधीने मृत्यू ओढवत नाही, परंतु जेवण, बोलणे व झोप यांचे सुख हिरावले जाते, ती मात्र या हिशेबाबाहेर राहते. तोंडाला दीर्घकाळ पडणारी कोरड, म्हणजेच मुखशुष्कता, ही अशीच एक व्याधी होय.

लाळेचे कार्य

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या तोंडात दिवसाला साधारणपणे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. कानांपुढील, जबड्याखालील व जिभेखालील मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आणि तोंडाच्या अस्तरातील शेकडो लहान ग्रंथी ती तयार करतात. अन्न ओलसर करणे एवढेच तिचे काम नाही. ती आम्लता कमी करते, दातांच्या आवरणास कॅल्शियम व फॉस्फेट पुरवते आणि जंतूंना आवर घालते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ पाझरते. हे प्रमाण ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी झाल्यास तो विकार मानला जातो. लाळ जवळपास निम्म्याने घटेपर्यंत बहुतेकांना कोरड जाणवतही नाही. त्यामुळे तक्रार होते तेव्हा हानीला सुरुवात झालेली असू शकते.

प्रमुख कारणे

औषधे हे सर्वांत मोठे कारण होय. रक्तदाब, नैराश्य, अ‍ॅलर्जी व मूत्राशयाच्या तक्रारींवरील अनेक औषधांमुळे लाळ कमी होते. एकाच वेळी अनेक औषधे घेणाऱ्या वृद्धांना हा त्रास अधिक होतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

अनियंत्रित मधुमेह हे दुसरे कारण. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्ती मधुमेही आहेत.

तिसरे कारण भारतात विशेष गंभीर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. खैनी, गुटखा, मिश्री यांतून मुखाचा कर्करोग उद्भवतो आणि त्यावरील किरणोपचारात लाळग्रंथी होरपळतात. याशिवाय शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथींवर उलटते, असा ‘श्योग्रेन’ नावाचा विकारही आहे.

परिणाम

लाळ नसल्यास दात मुळांपाशी झपाट्याने किडतात, बुरशीचा संसर्ग होतो, चव मंदावते आणि कवळी घट्ट बसत नाही. भाकरी, भाजलेले दाणे असे कोरडे पदार्थ गिळता येत नाहीत. त्यामुळे रुग्ण मऊ व गोड पदार्थांकडे वळतो. पोषण घटते आणि दातांची कीड मात्र वाढते.

व्यवस्थापन

औषधांचा फेरविचार हा पहिला उपाय होय. मात्र तो डॉक्टरांनीच करावयाचा असतो. रुग्णाने परस्पर औषध थांबविणे धोक्याचे ठरते. थोडे थोडे पाणी वारंवार पिणे, साखरविरहित गम चघळणे, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरणे आणि तंबाखू व मद्य वर्ज्य करणे हे सोपे उपाय आहेत. खडीसाखर किंवा लिंबाची फोड तोंडात धरण्याने तात्पुरते बरे वाटते. परंतु साखर व आम्ल दोन्ही दातांना घातक ठरतात. कृत्रिम लाळ, तसेच पायलोकार्पिनसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने देता येतात.

किरणोपचारापूर्वी दंततपासणी आवश्यक आहे. ग्रंथींना वाचवून किरण देण्याचे तंत्रही उपलब्ध आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षभरानंतर लक्षणीय कोरड होती. नव्या पद्धतीत हे प्रमाण ३८ टक्के आढळले.

धोरणाचा प्रश्न

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती स्वागतार्ह आहे. तथापि, २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना आहे. मुखशुष्कतेचा खर्च मात्र थोडा थोडा आणि वर्षानुवर्षे, बाह्यरुग्ण विभागात व दवाखान्यात होतो. तो बहुतांशी कुटुंबावरच पडतो.

यावरील एक उपाय जवळजवळ विनाखर्च आहे. प्राथमिक स्तरावर तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, मधुमेह व मुखाचा कर्करोग यांसाठी तपासणी केली जाते. मुखशुष्कतेच्या प्रमुख कारणांशी निगडित असलेले हे तिन्ही आजार तेथे एकाच वेळी पाहिले जातात आणि तोंडही उघडून पाहिले जाते. ‘कोरडा घास गिळताना पाणी लागते का?’ एवढा एकच प्रश्न तेथे विचारला गेला, तर संभाव्य रुग्ण लवकर लक्षात येतील. २०१४-१५ पासून राबविल्या जात असलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांतील दंत विभागांना साहाय्य मिळते. अशा रुग्णांना तेथे पाठविणे शक्य आहे.

दात काढून कवळी बसविण्यापेक्षा दात राखणे केव्हाही स्वस्त असते. आयुर्मान वाढत असलेल्या देशाने वाढीव वर्षांचे मोजमाप करताना त्या वर्षांत माणसाला दोन घास सुखाने गिळता येतात की नाही, याचीही नोंद घेतली पाहिजे.