चिपळूणचं पत्र आणि आमचा टेंभा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



पाण्याच्या टाकीच्या आणि लिफ्टच्या आठवणी आधीच्या वक्त्यांनी सांगितल्याच आहेत. मी मुलांच्या शिवजयंतीच्या नाटकाबद्दल बोलणार आहे. त्यातली एक गोष्ट बारा वर्षं पोटात ठेवलीय. त्या मुलांचे आईवडील समोरच बसलेत, तरी सांगून टाकतो.

तिथीने शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला, म्हणजे होळी झाली की लगेच. त्या वर्षी सुट्टी जोडून आली, म्हणून मी आणि सौ. नऊ मुलांना घेऊन चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेलो. शेती म्हणजे भाताची चार खाचरं, विहिरीलगत परसू आणि काजूची काही झाडं. फाल्गुनात खाचरं मोकळी असतात. कुळीथ उपटून अंगणात वाळत टाकलेला होता. मुलं सकाळी कळश्यांनी लाल माठ आणि मिरच्या शिंपायची, मग काजू वेचायची. ओल्या काजूच्या तेलाने हात भाजतात हे सांगून पटलं नाही, बोटं सोलल्यावर पटलं. शिमग्याची पालखी घरी आली तेव्हा तर कुणी जेवायलाही बसेना.

नाटक अंगणात करायचं होतं. दरवर्षी अफजलखान व्हायचा. यंदा मी पत्र निवडलं. १९ मे १६७३ चं, चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं. त्यात लढाई नाही, दाणावैरणीचा हिशोब आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. कुणब्यांच्या घरातून दाणा, भाजी, लाकूडफाटा उचलू नका, बाजारातून पैसे देऊन घ्या. आणि रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदरापर्यंत विचार करतो, हे मला मुलांना दाखवायचं होतं.

मुलांना मात्र सगळ्यांनाच जिरेटोप हवा होता. पत्र वाचणारा कारकून व्हायला कुणी तयार नाही. शेवटी बी विंगमधली एक मुलगी तयार झाली. शिलेदारांनी टेंभा मागितला. परवानगी मीच दिली. काठीला चिंध्या, वर रॉकेल.

तालमीत एक पेटती चिंधी सुटली आणि शेजारच्या काकींच्या पेंढ्याच्या उडवीत जाऊन पडली. काकी ओरडल्या, “अरं, पेटवताव काय सगळं!” आणि कळशी घेऊन धावल्या. मुलांनीही विहिरीपासून रांग लावली. शिंपण्याचा सराव तिथे कामाला आला म्हणायचा! जिरेटोप घातलेले सातजण पाणी पुढे देत होते, माझे मात्र पाय हलेनात. वारा पडलेला होता म्हणून बरं. त्या दिवसांत वारा असता तर काजू आणि आंब्याची झाडंही गेली असती. भाजावळ करणारा आमच्याकडचा प्रत्येकजण आधी वारा बघतो. मी तेवढंही बघितलं नव्हतं.

निम्मी उडवी गेली. कुणालाही इजा झाली नाही, हे पालकांना मुद्दाम सांगतो.

मी काकींपुढे पैसे धरले. त्या म्हणाल्या, “पैसं बैल खातात काय?” पुढच्या पावसापर्यंत दोन बैल आणि एक गाय त्या पेंढ्यावर काढायची होती. आणि फाल्गुनात जो तो आपापली वैरण मोजून ठेवतो, विकणार कोण? दोन दिवस मी भाऊबंदांच्या दारोदार हिंडलो. पत्रातलं तंतोतंत माझ्या समोर उभं होतं, आणि ते मला पाठ होतं! तिसऱ्या गावात एकाकडे जादा पेंढा निघाला, तो टेम्पोत घालून आणला.

नाटक मग दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, टेंभ्याशिवाय झालं. आमची कारकून उंदराच्या ओळीपाशी आली तेव्हा सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. काकी पुढच्या रांगेत होत्या. त्यांना ते पत्र पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून पोरीने दोनदा वाचलं. निघताना त्यांनी नऊ जणांना लाल माठाच्या नऊ जुड्या बांधून दिल्या. पैसे घेतले नाहीत, आणि या खेपेला मी ते पुढे केलेही नाहीत.

टेम्पोचं भाडं मी भरलं. पेंढ्याचे पैसे मात्र सांस्कृतिक निधीतून गेले. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ‘नाट्यसाहित्य – पेंढा’ ही नोंद कसली, असं एका सभासदांनी विचारलं होतं आणि मी ‘नेपथ्य’ म्हणून वेळ मारून नेली होती. ती नोंद ही. ती रक्कम आज खजिनदारांकडे भरतोय, पावती द्यावी.