नऊ विजय आणि एक नकार

लंबगोल चेंडू छातीशी धरून धावण्याचा अमेरिकन फुटबॉल हा तिथल्या महाविद्यालयांचा जीव की प्राण. १९५१ साली सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या संघाने नऊपैकी नऊ सामने जिंकले. ऑली मॅटसन या कृष्णवर्णीय खेळाडूने चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची मजल मारली. त्या हंगामात देशात सर्वाधिक. मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीयांना मागे ठेवलं, तर हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात खेळता येईल, असं संघाला सुचवण्यात आलं. खेळाडूंनी एकमुखाने नकार दिला.

काहींच्या मते प्रतिस्पर्धी दुबळे होते, म्हणून त्या सामन्याचं आमंत्रण हुकलं. पण याच संघातले तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात पोहोचले. नकाराने साधलं काय, असंही विचारलं जातं. आर्थिक तुटीपायी विद्यापीठाने त्या हंगामानंतर हा संघच बंद केला, हे खरं. पण समता कायद्याने येते तशी सोबत्यांच्या निष्ठेनेही येते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९५४ साली. या तरुणांनी आपला निकाल तीन वर्षं आधीच दिला होता. आणि १९६५ साली टोलर राष्ट्रीय फुटबॉल लीगचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी झाला.