शिकणाऱ्याचा गोतावळा

(विहाराच्या वर्धापनदिनी बेडसे येथे केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'ऑनलाईन शिक्षण आणि आपली मुलं'. आम्ही गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण शाळेबाहेर झालं. तेव्हा विद्वानांच्या भाषेत आम्हाला बोलता येणार नाही. कामगाराच्या भाषेत बोलतो, ते गोड मानून घ्या.

ऑनलाईन शिक्षणात 'वैयक्तिक अध्ययन परिसर' असा एक जड शब्द वापरतात. त्याला घाबरू नका. आपल्या शिकण्याची मांडामांड आपण स्वतः करायची, एवढाच त्याचा अर्थ. कोणतं पुस्तक वाचायचं, कोणता व्हिडिओ बघायचा, टिपण कुठं ठेवायचं, हे शिकणाऱ्यानं ठरवायचं. आणि अडलं तर ज्यांना विचारायचं, त्या माणसांच्या गोतावळ्याला अध्ययनाचं जाळं म्हणतात.

आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? आम्ही तुटलेला धागा सांधायला शिकलो ते जुन्या कामगाराच्या शेजारी उभं राहून. अर्ज लिहायला शिकलो युनियनच्या ऑफिसात. बाबासाहेब वाचले ते वाचनालयातून, आणि समजले विहारातल्या चर्चेत. आमचं जाळं हेच होतं. त्याला वीज लागत नव्हती, माणसं लागत होती.

ज्या डोंगराखाली आपण जमलो आहोत, तिथल्या लेण्यांकडे बघा. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे काम. चैत्याच्या ओसरीतल्या खोलीवर लेख आहे, की नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक याचं हे दान. पाण्याच्या टाक्याजवळच्या लेखात सामडिनिका या महारथिनीचं नाव आहे. म्हणजे बाईचंही दान इथं आहे. आणि एका लहान स्तूपाजवळचा लेख सांगतो, की अरण्यात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती या भिक्खूंचा हा स्तूप त्यांच्या शिष्यानं, असाळमितानं करवला. नाशिकचा व्यापारी, राजघराण्यातली स्त्री, डोंगरातला गुरू आणि त्याची आठवण ठेवणारा शिष्य! या सगळ्यांच्या आधारावर इथल्या विहारात भिक्खूंचं ध्यान आणि पठण चाललं. एकटा माणूस डोंगर कोरत नाही, बांधवांनो.

बाबासाहेबांचंही तेच. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. रात्रंदिवस वाचलं हे आपण मुलांना सांगतो. पण गुरूंशी नातं कसं राखलं, तेही सांगितलं पाहिजे. १९१६ साली ते तिथून लंडनला गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १९२५ साली, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ आला, आणि त्याला प्रस्तावना होती कोलंबियातले त्यांचे गुरू सेलिग्मन यांची. तेव्हा फोन नव्हता. पत्रं होती. शिका आणि संघटित व्हा, हे दोन शब्द बाबासाहेबांनी आपल्याला एकत्र दिले, ते उगीच नाहीत.

आता आजचं पाहू. २००८ साली कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात सीमेन्स आणि डाऊन्स या दोघांनी एक अभ्यासवर्ग चालवला. फी भरणारे विद्यार्थी पंचवीसच्या आसपास, आणि जगभरातून फुकट शिकणारे दोन हजारांच्या वर! प्रत्येकानं आपापल्या जागी लिहायचं आणि एकमेकांचं वाचायचं, अशी रीत होती. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारचं 'स्वयम्' सुरू झालं. नववीपासून पदव्युत्तरपर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी आहे. शाळा सुटलेल्यांसाठी नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. आणि बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ज्या पुस्तकांसाठी आम्ही वाचनालयात नंबर लावून बसायचो, ती आज तुमच्या खिशात आहेत.

मग अडचण कुठं आहे? २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा ती उघडी पडली. घरात फोन एक आणि मुलं तीन. तो फोनही बाप कामावर घेऊन जाणार. रेंजसाठी टेकाड चढायचं. आणि फोन द्यायची वेळ आली की पहिला नंबर मुलाचा, मुलीचा शेवटचा. माता-भगिनींनो, हे आपल्याच घरात घडलं. आजही ज्या मुलीला तासभर फोन मिळत नाही, तिच्यासाठी सगळं फुकट असून नसल्यासारखं आहे. आणि फोन मिळाला तरी अडलेलं गणित विचारायला माणूस नसेल, तर पोर चार दिवसांत कंटाळून सोडून देतं.

दुसरा धोका भूलथापांचा. फोनवर आलेलं सगळं ज्ञान नसतं. तथागतांनी कालामांना काय सांगितलं? परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. फॉरवर्ड आलेल्या मजकुराला हीच कसोटी लावा.

म्हणून विहार समितीपुढं आमची नम्र सूचना आहे. विहाराचं दार वंदनेपुरतं उघडू नका. रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासाला उघडा. समितीच्या खर्चानं इंटरनेट घ्या आणि दोन जुने चालू फोन जमवा. पहिला तास मुलींचा ठेवा. वस्तीतल्या नर्सताई, आयटीआय झालेला पोरगा, बँकेतला कारकून, निवृत्त गुरुजी, कुणाला काय येतं याची यादी भिंतीवर लावा. ज्याला जे येतं, त्यानं आठवड्यातून एक तास त्याचा द्यावा. हेही दानच आहे. आणि प्रत्येक मुलानं एक वही ठेवावी: आज काय शिकलो, काय अडलं, कुणाला विचारलं.

पुसणकानं दान दिलं म्हणून त्याचं नाव दगडावर राहिलं. आपल्याला दगडावर नाव नको. आपल्या एखाद्या मुलीच्या वहीत 'यांना विचारलं' म्हणून आपलं नाव आलं, तरी पुष्कळ झालं.

एवढं बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!